दुकाकच्या आधी कोण?

इंग्लंडातल्या रीडिंगला येऊन मला महिना झाला होता. तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला मी सगळ्यांपुढं तिळगुळाचा डबा फिरवत होते. एका उंच, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांपुढं डबा धरला, तर डब्याकडे न बघता ते मला विचारतात, "तुझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही हो."

"बरं, पणजोबांचं?"

"विनायक... असावं."

"असावं!" गृहस्थ खो खो हसले आणि मग कुठं त्यांनी तिळगूळ उचलला. "पुण्याची ना तू? पेशवाईवर तासभर बोलशील, आणि सख्खा पणजा म्हणे 'असावं'!"

असा राग आला होता म्हणून सांगू! घरी जाऊन मी आईला फोन केला, आईनं मोठ्या मामाला केला, आणि दोन दिवसांनी विनायकरावांचे वडील सापडले. पुढच्या कार्यक्रमात मी हटकून त्या माणसाला गाठलं आणि म्हटलं, "काशिनाथ!" त्यांनी माझा हात हातात घेऊन असा काही हलवला की जणू मी परीक्षेत पहिली आले होते. शिंगटेकाकांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

डॉक्टर यशवंत शिंगटे भूलतज्ज्ञ होते. सगळी नोकरी इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत गेली, मी भेटले तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. भूल देताना पेशंटला उलटे आकडे मोजायला लावतात. काका बापजादे मोजायला लावायचे. मुखवटा नाकावर ठेवून प्रेमानं विचारायचे, "वडिलांचं नाव? त्यांच्या वडिलांचं?" काकांचं म्हणणं, इंग्रज माणूस आजोबांपाशी हमखास आडवा होतो, आणि त्यात औषधाचा वाटा किती आणि अज्ञानाचा किती, हे त्यांना कधी ठरवता आलं नाही.

एकदा हर्नियाच्या ऑपरेशनला हसन नावाचा तुर्की केबाबवाला आला. वडील सांगितले, आजोबा सांगितले, पणजोबा सांगितले, गडी थांबेचना. काकांना घाम फुटला. औषध चढत नाही की काय म्हणून दोनदा नळ्या तपासल्या. सातवं नाव घेतलं आणि मगच हसन घोरायला लागला. तो शुद्धीवर आल्यावर काकांनी त्याला पहिलं हेच विचारलं, की बाबा रे, ही नावं कुठं शिकलास? तो म्हणाला, आम्ही मूळचे डोंगरात मेंढ्या हाकणारे. सात बाप म्हणून दाखवल्याशिवाय आमचा आजा ताटात भाकरी पडू द्यायचा नाही.

"त्या दिवशी हे घरी आले ते तुर्कांचे होऊनच," मालतीकाकू सांगायच्या. "मी आपली वाट बघतेय बाजारातून कोथिंबीर आणतील म्हणून, तर हे आले तुर्की भाषेची डिक्शनरी घेऊन."

पण हे वेड काकांच्या डोक्यात आधीपासूनच होतं, हसन निमित्त झाला. काकांचं गाव जतच्या पलीकडे, जिथं मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदतात. तिकडे हेळवी येतो. एकेका घराण्याची वंशावळ पिढ्यानपिढ्या सांभाळणारा हा माणूस. पूर्वी बैलावर बसून यायचा, दारात उभा राहून मूळ पुरुषापासून नावं म्हणत सुटायचा. मग घरात नवं कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून चोपडीत लिहायचा आणि सूपभर जोंधळा घेऊन पुढच्या दारी. लहानपणी काका त्याच्या मागोमाग गावभर फिरायचे. सगळ्या आळीचे पूर्वज त्यांना पाठ होते.

आता यातली खरी गोम अशी, की हेळव्याच्या चोपडीत मुली नसत. आणि काकांना एकच लेक, नीला. रीडिंगमध्ये जन्मली, ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. ज्याच्यापुढे मुलगा नाही त्याच्या नावाखाली हेळवी एक आडवी रेघ मारतो आणि लिहितो, 'खुंटला'. काका जगातल्या कशावरही हसायचे, या एका शब्दावर नाही. "एवढी पाच फूट आठ इंच पोरगी चालतीबोलती समोर उभी आहे," ते म्हणायचे, "आणि मी खुंटलो?" नीलाचं नाव त्या चोपडीत लागावं, एवढी एकच गोष्ट त्यांना या वयात हवी होती. पण गावाकडे बरीच वर्षं हेळवीच फिरकला नव्हता. म्हातारा गेला म्हणे, मुलगा येईल न येईल.

नीलाला त्याचं काही नव्हतं. "बाबा, कोणाच्या तरी वहीत माझा नाव आहे का नाही, हू केअर्स?" असं ती खांदे उडवून म्हणायची. काका उठून तुर्कांकडे जायचे.

तुर्कांत त्यांनी धरलं होतं सेल्जुक घराणं. काकांच्या तोंडून ऐकलेलं सांगते, चूकभूल माझी. हजारेक वर्षांपूर्वी अरल समुद्राच्या आसपासच्या माळांवर ओघुझ नावाचे तुर्क घोडे-मेंढ्या घेऊन फिरायचे. त्यांच्या टोळ्या चोवीस. त्यातली किनिक ही एक. त्या टोळीत दुकाक नावाचा एक जबरदस्त माणूस, त्याला म्हणत लोखंडी धनुष्यवाला. त्याचा मुलगा सेल्जुक. आणि सेल्जुकाच्या नातवांनी खाली उतरून इराण घेतलं, बगदादपर्यंत मजल मारली. मेंढपाळांचे सुलतान झाले.

"आता सुलतान झाल्यावर काय करतात माणसं?" काका डोळे बारीक करून विचारायचे. "आधी पूर्वज शोधतात! बाप मेंढ्या हाकत होता म्हणून कसं चालेल? मग दरबारी कारकून बसले. दुकाकच्या वर तीसेक पिढ्या चढवल्या आणि शिडी नेऊन टेकवली थेट इराणी पुराणकथेतल्या एका तुराणी राजाला. त्या पिढ्यांची नावं विचार, एक जण धड सांगेल तर शपथ!"

ही शिडी काकांच्या घरात होती. जिन्याच्या भिंतीला त्यांनी वॉलपेपरची एक लांबलचक उलटी पट्टी चिकटवली होती. तळाच्या पायरीपाशी शाईनं दुकाक, सेल्जुक, त्याची मुलं, नातवंडं. दुकाकच्या वर, पार बाथरूमच्या दारापर्यंत, पेन्सिलीच्या रिकाम्या चौकटी. खरं ते शाईनं, घुसवलेलं ते पेन्सिलीनं, असा नियम. घरी येणाऱ्या प्रत्येकाला काका तळाशी उभं करून विचारायचे, "दुकाकच्या आधी कोण?" आपण म्हणायचं, "माहीत नाही." मग ते पाठीवर थाप मारायचे: "शाब्बास! एवढं दरबारातल्या विद्वानांना म्हणवलं नाही."

या चोवीस टोळ्या काकूंच्या स्वयंपाकघरातसुद्धा शिरल्या होत्या. प्रत्येक टोळीचं जनावरांवर डागायचं चिन्ह वेगळं. काकांनी आमच्या सगळ्यांना एकेक टोळी वाटून दिली आणि काकूंच्या प्लास्टिकच्या डब्यांवर मार्करनं ती चिन्हं काढली. डबा कोणाकडे गेला आणि परत आला नाही ते लगेच कळायचं. "सालूर टोळीकडे दोन डबे अडकलेत," असा काकांचा फोन यायचा. सालूर म्हणजे मी. किनिक, म्हणजे राज्य करणारी टोळी, त्यांनी काकूंना दिली होती, आणि त्यावर काकूंचंही काही म्हणणं नव्हतं. रविवारी मटण असलं की आणखी गंमत. मेजवानीत जनावराचा कुठला भाग कुठल्या टोळीला हेही त्या लोकांत ठरलेलं होतं म्हणे, त्यामुळे काका हातात पळी घेऊन त्याबरहुकूम वाढायचे. मी शाकाहारी. सालूर टोळीच्या वाट्याला कायम बटाटा आला.

पण त्यांचं हे ज्ञान नुसतं जेवणापुरतं नव्हतं. एका वर्षी गणपतीला, शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता तिथं, मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांची पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरून जुंपली. एक आजी अध्यक्ष, एक माजी. दोघंही त्याच खुर्चीची एकेक बाजू धरून उभे, आरती खोळंबलेली, बायका तबक घेऊन ताटकळलेल्या. काकांनी सरळ माइक घेतला.

"मंडळी, सेल्जुक तरुणपणी ओघुझांच्या राजाच्या दरबारात गेला आणि राणीच्या अन्‌ राजपुत्रांच्या वरच्या जागेवर जाऊन बसला. राणीचं पित्त खवळलं. आज हा इथं बसतोय, उद्या कुठं बसेल, असं तिनं राजाच्या मनात भरवलं. सेल्जुकाला कुणकुण लागली. त्यानं जागा सोडली, शंभरेक स्वार आणि मेंढ्या घेतल्या आणि तडक सीर दर्या नदीकाठच्या जेंद गावाला निघून गेला. राणी जागेवर राहिली. आज तिचं नाव कुणाला माहीत आहे? आणि जो उठून गेला, त्याच्या नातवांनी बगदाद पाहिलं! तेव्हा आता दोघांपैकी कुणाच्या नातवाला राज्य हवंय ते ठरवा."

दोघांनी एकदमच खुर्ची सोडली. त्या खुर्चीवर मग प्रसादाचं पातेलं ठेवलं आणि आरती झाली.

असे हे काका. आणि त्यांना दोन हजार सातच्या मार्गशीर्षात गावाकडून पुतण्याचा, संतोषचा, फोन आला: हेळवी आलाय! म्हाताऱ्याचा मुलगा सिद्राम, चोपड्या घेऊन, चार दिवस मुक्काम आहे.

काकांनी मला ऑफिसात फोन केला. "गौरी, ते कॉम्प्युटरवर चेहरा दिसतो ना, ते जमवून दे." संतोषनं तिकडे तालुक्याच्या गावी सायबर कॅफे गाठायचा, मी इकडे वेबकॅम घेऊन जायचं, असं ठरलं. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी पोचले तर काका टाय लावून बसलेले. नीला ब्रिस्टलहून आदल्या दिवशीच आली होती, काकूंनी बोलावलं म्हणून. ती पायजम्यात जिन्याच्या पायरीवर चहाचा मग घेऊन बसली होती.

पडद्यावर आधी संतोषचं कपाळ आलं, मग एक फेटा आणि फेट्याखाली साठी उलटलेला एक हसरा, काळा कुळकुळीत चेहरा. "राम राम डाक्टर! वळीखलं का? तुमी आमच्या मागं पळायचासा न्हवं लहानपनी, तवा म्या बा च्या पुढ्यात बसायचो बैलावर!"

काकांनी दोन्ही हात जोडले. सिद्रामनं बासनातून चोपडी काढली, उघडली, पण बघितली नाही. डोळे मिटून मूळ पुरुषापासून नावं म्हणायला लागला. तो सायबर कॅफे, ती मधेच थिजणारी चित्रं, आणि त्यात ते एकामागून एक येणारे बाप! काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. नवव्या नावाला सिद्राम थांबला.

"हनमंताचा यशवंत. फुडं?"

"नीला," काका म्हणाले.

"पोरगी?"

"पोरगी."

"न्हाई वो डाक्टर. पोरगी सासरच्या चोपडीत."

"तिच्या सासरी चोपडी नाही! जावई डेव्हिड. त्याला आजोबांच्या पुढचं सांगता येत नाही, मी लग्नातच विचारलंय."

सिद्राम हसला, पण त्यानं मान हलवली. रीत न्हाई. बा नं लिव्हलं न्हाई, आज्जानं लिव्हलं न्हाई.

तेवढ्यात संतोष पुढे झुकला. बिचारा मनापासून बोलला, त्याला दोष नाही. "काका, एक सुचवू का? वडिलांशी बोललोय मी. तुमच्या नावाखाली माझं नाव घालू या. आम्ही दोघं भाऊ आहोतच, थोरला त्यांच्या खाली राहील. तुमची रेघ चालू राहील. कुणाला काय कळतंय?"

सिद्रामनं पेनचं टोपण काढलं. "घालू? घरातलाच हाय."

काकू दाराशी हात पुसत उभ्या होत्या, त्यांचा हात तिथंच थांबला. मला वाटलं, आता काका हो म्हणतील. आणि खरं सांगू? म्हणावं असंच मला वाटत होतं. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"नको," काका शेवटी म्हणाले. "संतोष, गुणाचा आहेस तू. पण तू माझ्या भावाचा. मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात घुसवलेल्या पिढ्यांना पेन्सिलीच्या रिकाम्या चौकटी काढत बसलोय रे. माझ्याच घरात कसं घुसवू?"

"मग खुंटला लिव्हू?" सिद्रामनं हळूच विचारलं.

"थांबा!" नीला हातातला चहाचा मग खाली ठेवून आली. तिनं बापाकडे एकदा बघितलं आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसली. "मी विचारू? जे लोक गाव सोडून जातात, त्यांचा काय करता तुम्ही? त्यांचा पण खुंटला?"

"न्हाई ताई. गाव सोडून लांब घर केलं तर नवं पान. त्या गावाचं नाव, आन्‌ तितं जो पयला जीव जन्मला त्याचं नाव वर."

"जीव म्हणजे मुलगाच?"

सिद्रामनं फेटा मागं सारला. विचारात पडला. "जीव. पोरगा-पोरगी न्हाई बघत तितं. त्या जिवानं घर पडतं न्हवं नव्या गावात. बा नं सोलापूरच्या गिरणीवाल्यांचं एक पान असंच पोरीवर सुरू केल्यालं हाय."

"इथे पहिली मीच जन्मली," नीला म्हणाली. "रीडिंग. आर, ई—"

"दमा ताई." सिद्रामचा चेहरा गंभीर झाला. "डाक्टर, इचार करा. नव्या पानाच्या वर काय नसतंय. तुमचं नाव तितं येनार न्हाई. न्हाईतर दोन्ही पानं एकच झाली की. तुमचं पान तुमच्यापाशी मिटलं, हिचं हिच्यापासनं सुरू."

आम्हाला सगळ्यांनाच कळलं तो काय म्हणतोय ते. नीलाचं नाव लागत होतं. फक्त ते काकांच्या खाली लागत नव्हतं. ज्या रेघेसाठी माणूस झुरला ती रेघ त्यालाच सोडून द्यायची होती.

नीला घाईघाईनं म्हणाली, "बाबा, नको. तुमचा नाव नाही तर मला पण नको. इट्स फाइन."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "लिहा."

सिद्राम लिहायला लागला आणि मधेच थांबला. "आईचं नाव?"

"ते कशाला?" काकांनी विचारलं.

"पयला जीव कुनाच्या पोटी ते लिव्हावं लागतंय. तेवढंच असतंय वरच्या अंगाला."

"मालती!" काकू दारातूनच ओरडल्या. "मालती लिहा! मा-ल-ती!"

मग काका जे हसत सुटले! टाय सैल केला, डोळे पुसले, पुन्हा हसले. "बघा! इतकी वर्षं वंशावळ्यांत डोकं मी घातलं, आणि नाव लागलं हिचं!"

"लागायलाच पाहिजे," काकू म्हणाल्या. "बाळंत मी झाले होते. तुम्ही ड्यूटीवर होतात." आणि त्या शिरा करायला आत गेल्या. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. आत त्या रडत होत्या हे मला दिसलं.

कॉल संपला. नीला कपडे बदलायला वर गेली. मी वायरी गुंडाळत होते. काका काळ्या पडद्यासमोर तसेच बसून होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय, म्हणून म्हटलं, "काका, चहा टाकू?"

"गौरी," ते म्हणाले, "इतक्या वेळा मी लोकांना विचारलं, दुकाकच्या आधी कोण. आणि माहीत नाही म्हटलं की खूश व्हायचो. पण मूर्ख मी! बाप असेलच की दुकाकला. मेंढ्या हाकणारा का होईना, कुणीतरी असेलच. आपलं नाव राहिलं नाही म्हणून तो माणूस काही रडत बसला नसेल. पोराला घोड्यावर बसवून दिलं असेल आणि जा म्हणाला असेल."

मी चहा टाकला.

दुपारी नीलाला ब्रिस्टलची गाडी होती. माझ्या कारनं मीच तिघांना स्टेशनवर नेलं आणि काकूंबरोबर बाहेर थांबले. काचेतून आत दिसत होतं. काका तिची बॅग घेऊन पुढं, ती मागं, "बाबा, द्या इकडे," म्हणत. तिकिटाच्या फाटकापाशी नीलानं तिकीट घातलं, फाटक उघडलं, ती पलीकडे गेली. काकांनी बॅग वरून तिच्या हातात दिली. फाटकावरच्या माणसानं त्यांना काहीतरी विचारलं. काकांनी त्याला नीला दाखवली, बरंच काही सांगितलं, हात वर करून नवं पान कुठून सुरू होतं तेही दाखवलं असावं. त्या माणसानं हसून फाटकाकडे खूण केली, तुम्हालाही जायचंय का असं.

काकांनी मान हलवली. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"मला आत सोडत होता फुकट," काका म्हणाले. "मी म्हटलं नको, मी नुसता पोचवायला आलोय." मग आम्हाला तिथंच थांबवून ते वळले, आणि गाडी सुटेपर्यंत फाटकाच्या अलीकडे उभे राहून हात हलवत राहिले.